परळची तारीख

मंगळवार, १२ ऑगस्ट

माझ्या अडीच वर्षांच्या मुलाच्या फाइलवर फेब्रुवारीतच शिक्का मारून दिलेली तारीख होती १३ ऑगस्ट, बुधवार, सकाळी साडेआठ. रुग्णालय मुंबईत परळला आणि आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, खेडच्या एस.टी. स्टँडपासून बावीस किलोमीटर आत. बुधवारी साडेआठला परळच्या खिडकीवर उभे राहायचे तर मंगळवारी अंधार असतानाच घर सोडावे लागते, हा हिशेब आता आमच्या घरात सर्वांनाच तोंडपाठ झाला आहे. चारचाकी आमच्याकडे नाही. मोटारसायकल आहे, पण यजमान लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला जातात, आणि उरलेली चार दिवसांची रजा गणपतीसाठी राखून ठेवलेली. त्यामुळे या खेपेला मी, धाकटा आणि सहा वर्षांची थोरली असे तिघेच निघालो. थोरलीला सासूबाईंपाशी ठेवता आले असते, परंतु बेणणीचे, म्हणजे भातातले तण काढण्याचे दिवस आहेत, त्या दिवसभर शेतात असतात आणि शाळेला जायला वहाळ ओलांडावा लागतो. भर पावसात तिला एकटी पाठवायला माझे मन धजले नाही.

मुलाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतःच छिद्र होते. ते आम्हाला कळले अंगणवाडीमुळे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते. त्यातील डॉक्टर बाईंनी मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही, तेव्हाच माझ्या पोटात धस्स झाले होते. पुढे रत्नागिरी झाली, मग मुंबई, आणि तो सव्वा वर्षाचा असताना शस्त्रक्रिया होऊन छिद्रावर ठिगळ बसले. शस्त्रक्रियेसाठी आम्हाला पैसे मोजावे लागले नाहीत, याबद्दल मी आयुष्यभर ऋणी राहीन. पण शस्त्रक्रिया एकदाच होते. तारखा मात्र येतच राहतात, आणि तारखेला जाण्यायेण्याची तजवीज ज्याची त्यालाच करावी लागते. ही आमची चौथी खेप.

सामान मी आता एकाच पिशवीत बसवायला शिकले आहे, कारण एक हात कडेवरच्या मुलाला आणि दुसरा थोरलीच्या बोटाला लागतो. जे काही न्यायचे ते पाठीवरच. दोन जोड कपडे, तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी, पाण्याची बाटली, दुधाचा पेला, छत्री आणि एक जुने नऊवारी लुगडे. फाइल मात्र पिशवीत ठेवत नाही. ती दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, दोरीने गळ्यात अडकवून पोटाशी धरते. कपडे भिजले तर वाळतात, पण शस्त्रक्रियेचा कागद भिजला तर दुसरा मिळवायला आणखी एक खेप पडेल.

पावणेसहाला रात्रवस्तीची एस.टी. सुटते. वाडीतून थांब्यापर्यंत एक किलोमीटरची पाखाडी उतरावी लागते. यजमानांनी धाकट्याला उचलले, थोरलीने बॅटरी धरली आणि आम्ही पोहोचलो तेव्हा चालकाने गाडी चालू करून ठेवली होती. कंडक्टरनी माझे निम्मे आणि लेकीचे निम्मे अशी दोन तिकिटे दिली. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, आणि आमच्यासारख्या सतत तारखांना जाणाऱ्या घराला त्याचा किती आधार आहे, हे मला ठाऊक आहे. धाकट्याला पाच वर्षांच्या आत म्हणून तिकीटच नाही.

खेडचे रेल्वे स्थानक गावापासून लांब आहे, म्हणून स्टँडवरून रिक्षा. पहाटे रत्नागिरीहून निघणारी दिवा पॅसेंजर आम्हाला खेडला मिळते. कोणी विचारते, एस.टी.ने थेट मुंबईला का जात नाही? एकदा गेलो होतो. रात्रभराच्या प्रवासात धाकट्याला सात वेळा उलटी झाली आणि सकाळी तो इतका मलूल झाला होता की डॉक्टरांनी तपासणीआधी त्याला सलाईन लावायला सांगितले. रेल्वेत निदान उभे राहता येते, शौचालय असते, आणि लुगडे बांधता येते. डब्यात शिरल्यावर मी पहिले काम तेच केले. सामानाच्या फळीच्या लोखंडी दांड्यांना दोन्ही टोके गाठ मारून झोळी केली, आधी भाकऱ्यांची पिशवी आत ठेवून ओढून पाहिली, मग मुलाला घातले. समोर बसलेल्या आजोबांनी न सांगता पायाने हलका झोका द्यायला सुरुवात केली आणि ते पार रोह्यापर्यंत तो देत राहिले.

कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी मार्गाची. रोहा ते वीर या टप्प्यातले दुपदरीकरण ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाले, पण वीरच्या दक्षिणेला अजूनही समोरून गाडी आली की एकीला स्थानकात थांबून दुसरीला वाट द्यावी लागते, आणि पॅसेंजरने थांबायचे हा रिवाजच आहे. थोरली बोगदे मोजत होती. वीरच्या अलीकडे नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा लागला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला आणि उजेड आल्यावर सोडून दिला, जणू काही घडलेच नाही.

दुपारी दिवा आले. पूर्वी हीच गाडी दादरपर्यंत जात असे. तेथून परळ एका स्थानकावर. आता ती दिव्यालाच थांबते. दिवा ते परळ हे उरलेले अंतर नकाशात फार नाही, परंतु दोन लहान मुले घेऊन निघालेल्या बाईला अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. किती वेळा चढायचे, किती वेळा उतरायचे आणि मध्ये किती जिने आहेत, यावर ते ठरते. गावापासून परळपर्यंत आमची पाच वाहने होतात. त्यांतील शेवटची दोन सर्वांत कठीण.

मुक्काम दिव्याला नणंदेकडे. ताईंनी दारातच धाकट्याला माझ्याकडून घेतले. त्यांची अंगारकी होती, तरी आमच्यासाठी कुळथाची पिठी आणि गरम भात केला होता. रात्री त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली, "वहिनी, सकाळी दिव्यातून थेट चढायला जाऊ नका हां. आधी डोंबिवलीला जा, तिथून सुटणारी धीमी पकडा, बसून जाल." दोन महिन्यांपूर्वी, ९ जूनला, मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून काही प्रवाशांचा जीव गेला होता, आणि ताई रोज त्याच मार्गाने कामाला जातात. मी काहीही न विचारता मान डोलावली.

बुधवार, १३ ऑगस्ट

आजच्या तपासणीचे नाव टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर जेल लावून यंत्र फिरवतात, दुखत काहीच नाही, पण वीस-पंचवीस मिनिटे मुलाने अजिबात हलता कामा नये. अडीच वर्षांचे मूल अनोळखी अंधाऱ्या खोलीत एवढा वेळ स्वस्थ पडत नाही, म्हणून त्याला झोपेचे सरबत देतात. ते लागू पडावे यासाठी मूल आधीच झोपेला आलेले असले पाहिजे आणि पोट रिकामे पाहिजे. फेब्रुवारीतच कागदावर लिहून दिले होते: आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, सहा तास आधीपासून दूध-अन्न बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल.

या चार ओळी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेजारच्या गल्लीतून आलेले मूल असावे, असे मला प्रत्येक वेळी वाटते. त्या मुलाला घरात खेळवत जागे ठेवता येते. पण जे मूल आदल्या दिवशी दोनशे किलोमीटर येऊन थकले आहे आणि पहाटे पुन्हा लोकलमध्ये बसले आहे, त्याला त्या हेलकाव्यात जागे कसे ठेवायचे?

साडेतीनला त्याला उठवले. चार वाजता दूध पाजले, ते शेवटचे. थोरली स्वतः उठून केस विंचरून तयार झाली. साडेपाचला आम्ही दिव्याच्या पुलाच्या पायऱ्या चढत होतो. उलट दिशेची लोकल रिकामी होती. कोपर गेले, डोंबिवली आली. तेथे पुन्हा पूल, पुन्हा जिना, आणि डोंबिवलीहून सुटणाऱ्या धीम्या लोकलचा महिलांचा डबा. खिडकीपाशी जागा मिळाली. सुटण्यापूर्वीच डबा भरला.

त्या डब्यातील बायकांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्या दिवशी जे काही नीट झाले ते त्यांच्यामुळे झाले. मुंब्रा येईपर्यंत धाकटा चांगला टक्क जागा होता. पारसिकचा डोंगर मागे पडला आणि त्याची मान कलू लागली. मी त्याच्या गालांना पाण्याचे बोट लावले, उभे केले, खिडकीतून गाड्या दाखवल्या. शेजारच्या बाई मांडीवर वर्तमानपत्र पसरून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी विचारले, "झोपू दे ना गं त्याला, कशाला छळतेस?" मी सांगितले की हृदयाची तपासणी आहे, डॉक्टरांनी झोपू द्यायचे नाही असे सांगितले आहे. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि मुलाला आपल्या मांडीवर घेतले. एक शेंग त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मोड बघू. मला मदत कर." त्याने मोडली. दुसरी मोडली. भांडुपपर्यंत त्याने वर्तमानपत्रावर गवारीचा एक वेडावाकडा ढीग केला होता. पलीकडच्या कॉलेजच्या मुलीने त्याला मोबाइलवर गाणे दाखवले, आणखी एकीने टाळ्या वाजवून "अडगुलं मडगुलं" म्हटले, आणि थोरली प्रत्येक स्थानकाचे नाव मोठ्याने वाचून त्याला म्हणायला लावत होती. घाटकोपरला शेंगावाल्या बाई उतरल्या. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

घाटकोपरला गर्दीचा एवढा लोंढा आत आला की आम्ही खिडकीला चिकटलो. माझ्या एका मांडीवर थोरली, छातीशी धाकटा, आणि चेहऱ्यासमोर उभ्या बायकांचे पदर. पाण्याची बाटली पिशवीत, पिशवी पायांत. मला हात हलवायला जागा नव्हती. त्या उबेत विद्याविहार आणि शीव यांच्या दरम्यान त्याचे डोळे मिटले. मी हाका मारल्या, थोरलीने पायाला गुदगुल्या केल्या, पण तो जागा होईना. माटुंग्याला डबा थोडा मोकळा झाला, तेव्हा मी त्याला उभे केले आणि तो रडत जागा झाला. मध्ये दहा, फार तर बारा मिनिटे गेली असतील.

परळला उतरून पूर्वेकडे चालत रुग्णालयात पोहोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. या भागात टाटा, के.ई.एम., वाडिया अशी मोठी रुग्णालये एकमेकांना लागून आहेत, आणि सकाळी या रस्त्याने चालताना निम्म्या लोकांच्या हातात फाइल दिसते. आमच्या पुढे साताऱ्याचे एक जोडपे होते, मागे जळगावकडची एक आजी नातवाला घेऊन. केसपेपर, वजन, ओपीडी, ऑक्सिजनची तपासणी, ई.सी.जी. ई.सी.जी.च्या वेळी धाकटा शहाण्यासारखा पडून राहिला. इकोसाठी नंबर साडेअकराचा लागला.

अकराला सिस्टरनी वजनाप्रमाणे मोजून सरबत दिले. वजन अकरा किलो दोनशे ग्रॅम. फेब्रुवारीपेक्षा नऊशे ग्रॅमनी वाढलेले. ते ऐकून मला एवढा आनंद झाला की क्षणभर बाकी सर्व विसरले. सरबत कडू असते. थोडे त्याने थुंकले. मी त्याला खांद्यावर घेऊन लांबलचक मार्गिकेत फेऱ्या मारू लागले. पंधरा मिनिटे, अर्धा तास, पाऊण तास. त्याचे डोळे जड होत आणि कोणा दुसऱ्या मुलाचे रडणे ऐकून पुन्हा उघडत. मग तो चिडचिड करू लागला, हातपाय झाडू लागला, पाणी मागू लागला, आणि भुकेने त्याचा आवाज बसला. साडेबाराला सिस्टर आल्या. त्यांनी विचारले, "वाटेत झोपला होता का?" मी खरे ते सांगितले. "दहा मिनिटं." त्या म्हणाल्या, "तेवढीही पुरतात. आज जास्त औषध देता येणार नाही. त्याला खाऊ घाला. उद्या या."

यात कोणाचीच चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होते. सिस्टर सकाळपासून बसल्या नव्हत्या. डॉक्टरांनी आणखी कितीतरी मुले तपासायची होती. तरीही त्या दोन शब्दांनी माझ्या डोळ्यांत पाणी आले. उद्या या, म्हणजे पुन्हा साडेतीनला उठायचे, पुन्हा तो पूल, पुन्हा उलटी डोंबिवली, पुन्हा तीच विद्याविहारची गर्दी. आणि मूलही तेच, पण आजपेक्षा अधिक दमलेले. उद्याही तो झोपला तर? थोरलीने माझ्याकडे पाहिले आणि फाइलची दोरी माझ्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली.

रुग्णालयाच्या आवारातील झाडाखाली बसून मुलांना भाकरी भरवली, आणि मग मला लालबागच्या काकूंची आठवण झाली. काकू म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावजय. आजेसासरे गिरणीत साचेवाले होते. लालबागच्या चाळीतील त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत एके काळी गावचे अकरा जण राहत. खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर येथून कोणीही आजारी माणूस मुंबईला आणला की तो अशाच एखाद्या खोलीत उतरायचा आणि तेथून चालत के.ई.एम.ला जायचा. सासूबाई अजूनही सांगतात की त्यांच्या पहिल्या बाळंतपणाला त्या चाळीतून पायी गेल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्यांचे भोंगे बंद पडले, आणि पुढच्या वर्षांत खोल्या विकून माणसे दिवा, नालासोपारा, विरारकडे पांगली. रुग्णालये जागच्या जागी राहिली, आमची माणसे मात्र त्यांच्यापासून दोन लोकल दूर गेली. आमच्या कुटुंबातील एवढी एकच खोली उरली आहे.

मी फोन केला. काकूंनी सगळे ऐकून घेतले नाही. "रस्त्यात काय उभी राहून सांगतेस गो? ये आधी. पोरांना घेऊन ये."

चाळ पुनर्विकासाच्या वाटेवर आहे, जिन्याला टेकू लावले आहेत, पण खोली लख्ख होती. काकूंनी धाकट्याचे पाय गरम पाण्याने धुतले, वाटीभर मऊ भात आणि तूप भरवले आणि त्याला आपल्या कुशीत घेतले. दुपारी तीन ते सहा तो झोपला. रात्री तो अकरापर्यंत चाळीच्या गॅलरीत पोरांबरोबर धावत होता, आणि त्याला थांबवायचे नव्हते, हे त्या दिवसाचे सुख. खाली मंडपाचे बांबू बांधायला सुरुवात झाली होती. थोरली कठड्याला नाक लावून ते पाहत होती.

गुरुवार, १४ ऑगस्ट

चार वाजता धाकट्याला उठवून दूध दिले. त्यानंतर साडेसातपर्यंत आम्हाला काहीच करायचे नव्हते. कोठे पोहोचायचे नव्हते, काही पकडायचे नव्हते. काकूंनी चहा दिला, थोरलीची वेणी घातली. धाकटा जमिनीवर डबे मांडून खेळत होता. झोप आली की काकू त्याला खिडकीशी नेत आणि कबुतरे दाखवत. रुग्णालयाच्या कागदावरच्या चार ओळी पाळता येण्यासारख्या आहेत, हे मला प्रथमच जाणवले. त्या फक्त जवळून पाळता येतात.

साडेसातला काकू आमच्याबरोबर निघाल्या. पाऊस नव्हता. वाटेत एका कारखान्याच्या ताडपत्रीआड पंधरा-वीस फुटी गणपतीची मूर्ती उभी होती, अंगाला पांढरा हात दिलेला, डोळे अजून लिहायचे होते. थोरलीने विचारले, "आई, ह्याला अजून दिसत नाही?" काकू म्हणाल्या, "दिसेल गो, आठ दिवसांत." रमतगमत अर्ध्या तासात आम्ही दारात होतो. एकही जिना नाही, एकही वाहन नाही.

दहाला सरबत दिले. सव्वादहाला तो माझ्या खांद्यावर पूर्ण सैल पडला. इकोच्या खोलीत मी त्याच्या उशाशी उभी होते. अंधारात पडद्यावर त्याचे हृदय उघडझाप करत होते, आणि निळे-लाल रंग त्यातून वाहत होते. ठिगळाच्या कडेने पूर्वी एक बारीक गळती दिसत असे. फेब्रुवारीत डॉक्टरांनी मला ती बोट ठेवून दाखवली होती, म्हणून मी त्याच जागेकडे पाहत राहिले. डॉक्टरांनी यंत्र तीन-चार वेळा तेथेच फिरवले, मग म्हणाल्या, "बंद झालीये. बघा, इथे आता रंग येत नाही." मी पाहिले. खरोखरच येत नव्हता. बाहेर येऊन मी काकूंना सांगितले तेव्हा त्या बाकावर बसल्या बसल्याच हात जोडून पुटपुटू लागल्या, आणि थोरलीने विचारले, "म्हणजे आता आपण परत यायचं नाही?" यायचे आहे, पण औषध बंद, आणि पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

तो पूर्ण जागा होऊन पाणी पिईपर्यंत सिस्टरनी सोडले नाही. तेवढ्या वेळात मी तारखेच्या खिडकीवर गेले. तेथील ताईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, "२५ फेब्रुवारी, बुधवार, साडेआठ." एरवी मी तारीख घेऊन बाजूला झाले असते. आज मी म्हणाले, "ताई, आम्ही खेडच्या आतल्या गावातून येतो. २५ तारखेला आमच्याकडे शिमगा असतो, फाकपंचमीनंतर गावातली वाहने पालख्यांना लागतात आणि गाड्यांना मुंबईकरांची गर्दी असते. त्याआधीचा बुधवार द्याल का? आणि साडेआठऐवजी अकरानंतर बोलावलंत तर मुलाला वाटेत झोप लागली तरी इथे आल्यावर मला वेळ मिळेल." त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फाइलच्या पहिल्या पानावरील पत्ता वाचला. बहुधा प्रथमच. "एवढ्या लांबून येता? आधी सांगायचं ना." वहीत दोन पाने मागे जाऊन त्यांनी ११ फेब्रुवारी लिहिले आणि शिक्क्यातील साडेआठ खोडून बाजूला हाताने लिहिले: "बाहेरगाव. इको दु. १२."

मी सांगितले नव्हते हे खरे. चार खेपांत सांगण्याचे धाडस झाले नव्हते. मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीशी उभे राहिले की आपण मागायला आलो आहोत असे वाटते, आणि मागणाऱ्याने वेळ निवडायची नसते असे आपण धरून चालतो. माझ्यासारख्या कोणी आया असतील तर त्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते की तारीख लिहिण्यापूर्वी आपला गाव सांगावा; गाडी किती वाजता पोहोचते ते सांगावे; एकाच खेपेत दोन विभाग दाखवायचे असतील तर दोन्ही एकाच दिवशी मागावेत. नाही म्हटले तर नाही. पण खिडकीमागच्या माणसाला आपला रस्ता दिसत नसतो, तो दाखवावा लागतो. आणि तारखेच्या वहीत पत्त्यासाठी एक रकाना असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

दोनच्या सुमारास, गर्दी व्हायच्या आत, परळहून दिव्याकडची लोकल पकडली. या वेळी धाकटा कुर्ल्याच्या आधीच झोपला आणि मी त्याला झोपू दिले.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

पहाटे दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते. सुट्टी, तिला जोडून शनिवार-रविवार आणि दहीहंडी, त्यामुळे फलाट चाकरमान्यांनी भरून गेला होता. काहींच्या हातांत मखराची खोकी, काहींच्या डोक्यावर कणगीएवढ्या पिशव्या. ताईंचे यजमान आमच्याबरोबर आले होते. त्यांनी गाडी लागताच आत शिरून खिडकीशी रुमाल टाकला आणि धाकट्याला खिडकीतूनच माझ्याकडून आत घेतले. झोळी बांधायला जागा नव्हती. लुगड्याची घडी करून त्यावर थोरलीला खाली बसवले. पनवेलला डबा अधिकच भरला, पण मुले पाहून लोक सरकत गेले, आणि पेणला कोणीतरी थोरलीला ध्वजाचा बिल्ला लावला.

खेडला उतरलो तेव्हा मुसळधार पाऊस होता. गावाकडची दुपारची एस.टी. एकला. स्टँडवर यजमान येऊन थांबले होते. रात्रपाळी संपवून ते परस्पर तेथेच आले होते. त्यांनी फाइल मागितली. मी थोरलीच्या गळ्याकडे बोट दाखवले. तिने दोरी काढली, वरची प्लॅस्टिकची पिशवी सोडली, आतली सोडली, आणि कोरडा कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याउभ्याच अहवाल वाचला. त्यांना इंग्रजी फारसे येत नाही, पण ज्या ओळीखाली डॉक्टरांनी पेनाने रेघ ओढली होती ती त्यांनी दोनदा वाचली आणि मुलाला माझ्याकडून घेतले.

घरी आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात तारीख लिहायला गेले तर तो डिसेंबरपर्यंतचाच. म्हणून डिसेंबरचे पान उलटून मागच्या बाजूला लिहिले: ११ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी १२. त्याखाली सासूबाईंनी सांगितले म्हणून आणखी एक ओळ लिहिली: मंगळवारी लालबागला काकूंकडे मुक्काम, जाताना नवे तांदूळ न्यायचे.